सोनामुखीवर आलेला आळ

पोट साफ न होण्याविषयी मी लिहिणार आहे. घरात हे सांगितलं तेव्हा थोरल्या मुलाने हातातला पेपर खाली ठेवला आणि विचारलं, दुसरं काही नाही का लिहायला? दुसरं पुष्कळ आहे. बाळंतपणाविषयी लिहिलं तर चालतं. कोण कसं तडफडून गेलं ते लिहिलं तर वाचणारे डोळे पुसतात. पण माणूस रोज सकाळी जे करतो, आणि एक दिवस झालं नाही तर ज्याच्यापायी त्याचं कशात चित्त लागत नाही, ते मात्र लिहायचं नाही. मी वीस-बावीस वर्षं हा नियम पाळला. गप्प बसण्यात माझा हात कुणी धरला नसता. आता पंचेचाळिशी उलटली आहे. ज्यांना लाज वाटायची त्यांनी ती खुशाल वाटून घ्यावी. माझ्या वाटणीची मी खूप दिवस सांभाळली, आणि तिच्यापायी एका चांगल्या बाईवर खोटा आळ राहिला.

माझं माहेर सांगलीचं. घर लहान, पण मागच्या अंगाला संडास होता, टोपलीचा. रोज सकाळी मागच्या बोळातून एक बाई येऊन टोपली उपसून न्यायची. तिचं तोंड मी कधी पाहिलं नाही. तिच्या येण्याच्या वेळेला आई परसदाराची कडी लावून घ्यायची. आमची सोय रोज त्या बाईच्या डोक्यावरून जात होती, हे मला तेव्हा सुचलं नाही. लग्न होऊन सोय गेली तेव्हा सुचलं, म्हणजे स्वतःवर बेतल्यावर. त्यात माझा काही मोठेपणा नाही.

सासर कराडच्या बाजूला, कृष्णेकाठी. खातंपितं घर, दोन बैलजोड्या. संडास मात्र नाही. तो गावात कुणाकडेच नव्हता. पुरुष नदीकडे जायचे, दिवसा वाटेल तेव्हा, तांब्या हलवत. बायकांसाठी गावाच्या वरच्या अंगाला एक पांद होती, दोन्ही बाजूंनी निवडुंग वाढलेली अरुंद वाट. तिथे उजाडायच्या आत जायचं, नाहीतर दिवेलागणीनंतर. मधल्या बारा-तेरा तासांत बाईला पोट नसतं, असं गावाने ठरवून टाकलेलं होतं.

त्यातून मी लग्न होऊन गेले त्या साली साखर कारखान्याचे उसाचे ट्रक पांदीच्या तोंडावरून जायला लागले. लाइट पडला की सगळ्याजणी तोंडावर पदर ओढून उठून उभ्या राहायच्या. ट्रक गेला की बसायचं. मागून दुसरा यायचा की पुन्हा उभं. म्हाताऱ्या त्यातही चेष्टा करायच्या. एकजण म्हणायची, "ह्या डायवराला रोज उठून सलाम ठोकायचा, जसा काय कलेक्टरच आलाय." सगळ्या हसायच्या. मला हसू यायचं नाही. माझं पोट त्या उठबशीत आक्रसून जायचं ते जायचंच. तशीच परत यायची आणि घरी आल्यावर खोटं सांगायची. खरं तर कुणी विचारतही नव्हतं.

पहिले काही दिवस पोट हाक मारतं. आपण म्हणतो, आत्ता नको, संध्याकाळी. संध्याकाळी म्हणतो, पहाटे. मग ते हाक मारायचंच सोडून देतं. जायलाच लागू नये म्हणून मी भाकरी अर्धी खायला लागले आणि पाणी कमी प्यायला लागले. त्याने व्हायचं तेच झालं. चार-चार, पाच-पाच दिवस काही नाही. डोकं जड, तोंडाला चव नाही, चिडचिड. नवऱ्याला वाटलं, बायको सांगलीच्या आठवणीने झुरतेय. तो फलटणला शाळेत मास्तर होता, शनिवारी यायचा. त्याला तरी काय सांगणार? तो मला माहेरी चार दिवस सोडून आला, आणि तिथून मी जुलाबाच्या गोळ्या घेऊन आले. साखरेचा लेप दिलेल्या, मुगाच्या दाण्याहून थोड्या मोठ्या. पावडरीच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या. आधी आठवड्यातून एक, मग दोन दिवसांआड, मग रोज. वर्षाच्या आत एका गोळीने भागेना, दोन घ्याव्या लागायच्या, आणि त्यांनाही काम करायला बारा-बारा तास लागायचे.

याची काही गरज नव्हती, हे आज लिहिताना सगळ्यात जास्त टोचतं. कारण घरातच औषध होतं आणि औषध देणारी होती.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पोटाच्या औषधासाठी गावात प्रसिद्ध होत्या. पुरुष आणि पोरं यांना त्या अमावस्येला सकाळी एरंडेल द्यायच्या, सुंठीच्या गरम पाण्यातून. अमावस्येला औत धरत नाहीत, माणसं घरीच असतात, कितीदा का पळेनात. बायकांना मात्र एरंडेल कधी नाही. त्यांना सोनामुखीचा पाला, थोडी बडीशेप आणि सुंठ घालून उकळलेला, रात्री निजताना. का, ते मला फार पुढे उमगलं. एरंडेल दोन-चार तासांत माणसाला धावायला लावतं, आणि बाई दिवसा धावणार कुठे? सोनामुखी रात्री पोटात गेली की पहाटे बरोबर हाक येते. आत्याबाईंना घड्याळ वाचता येत नव्हतं. पण कुठलं औषध अंधार गाठेल हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. चिमूट किती घालायची ते त्या बाईकडे बघून ठरवायच्या. गरवार बाई आली तर सरळ परत पाठवायच्या, गरम पाणी पी म्हणून.

मी त्यांच्याकडे गेले नाही. एक तर सांगायची लाज. दुसरं, मी सांगलीची, सातवी पास; गावठी पाल्यापेक्षा दुकानातली गोळी शहाणी, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं.

आता नणंदेचं. ती माझ्याहून तीन वर्षांनी लहान. आम्ही दोघी एकमेकींना अहोजाहो करायचो, पण जीव एकमेकींवर होता. ट्रक सुरू झाल्यापासून तिचंही माझ्यासारखंच झालं होतं. तिला बघायला पाहुणे येणार असं ठरलं, आणि त्याच्या आधी पाच दिवस तिला परसाकडे झालंच नाही. पोट टरटरून फुगलं. आदल्या संध्याकाळी लुगडं नेसवून बघताना आत्याबाईंनी हात लावून पाहिलं आणि त्यांचं तोंड उतरलं. लग्नाच्या मुलीचं पोट पुढे आलेलं पाहुण्यांच्या बायकांना दिसलं, तर त्या पोट साफ नाही असं थोडंच समजणार होत्या. त्यांनी रात्री तिला सोनामुखी दिली आणि बजावलं, पहाटे जाऊन ये, झालं नाही तर सकाळी एरंडेल पाजणार.

पहाटे आम्ही दोघी गेलो. पांदीच्या तोंडाशी उसाच्या गाड्या उभ्या, एका गाडीचं चाक खचलेलं, गडीमाणसं कंदील घेऊन फिरत होती. आम्ही तशाच परत फिरलो. परसदारी आल्यावर ती रडायला लागली. दिवसा एरंडेल, आणि दुपारी चारला पाहुणे. मला म्हणाली, "वैनी, कायबी करा, पर आईला सांगू नगा."

मग मी ते केलं. आत जाऊन आत्याबाईंना सांगितलं की झालं तिचं. त्यांनी देवाला हात जोडले. आणि मी पावडरीच्या डब्यातून दोन गोळ्या काढून नणंदेच्या हातावर ठेवल्या. सात वाजले असतील. माझा हिशोब असा, की मला दोन गोळ्यांना बारा तास लागतात. म्हणजे संध्याकाळी सात. तोवर पाहुणे गेलेले असतील आणि अंधारही पडलेला असेल. मला फार हुशारी केल्यासारखं वाटलं होतं.

पाहुणे आले, चार पुरुष आणि मुलाची आत्या. पोहे झाले, चहा झाला. नणंद पाटावर बसलेली. मुलाच्या आत्याने विचारायला सुरुवात केली: किती शिकलीस, भाकरी येते का, भांगलण करतेस का. मी दारामागून बघत होते. तिच्या कपाळावर घाम दिसला. हाताची मूठ वळलेली. मुलाची आत्या म्हणाली, "जरा चालून दाव बघू पोरी." ती उठली, आणि चालून दाखवायच्या ऐवजी सरळ माझ्या अंगावरून मागच्या दाराने बाहेर गेली. धावतच.

मागच्या अंगाला पाहुण्यांच्या गाड्या सोडलेल्या होत्या. त्यांचे गाडीवान गोठ्याच्या सावलीला बसून बैलांना वैरण घालत होते. त्यांच्या पलीकडे शाळूचं रान, पुरुषभर उंच. तिला तिथवर पोचता आलं नाही. एवढंच लिहिते. चार वाजले होते आणि लख्ख ऊन होतं.

आठ दिवसांनी मध्यस्थ येऊन सांगून गेला की पाहुणे नाही म्हणतात. मुलीला संग्रहणी, म्हणजे कायमच्या जुलाबाचा रोग आहे, असं त्यांच्या कानावर आलंय. पाच-पाच दिवस जिला होत नव्हतं, तिला संग्रहणी. आज मला याचं हसू येतं. तेव्हा कुणाला आलं नाही, कारण ते गावभर झालं, आणि पुढचं दीड वर्ष त्या घराकडे कुणी पाहुणा फिरकला नाही.

आणि आत्याबाई म्हणाल्या, "माजीच चूक झाली. मूठ जास्त पडली माजी." त्यांचा समज असा, की सोनामुखीने पहाटे काम केलं आणि जास्त झाल्यामुळे दुपारी पुन्हा केलं. तसा समज होणारच. पहाटे झालं असं मीच सांगितलं होतं. त्यांनी पाल्याची बरणी उचलली आणि उकिरड्यावर रिकामी केली. त्या दिवसापासून त्यांनी कुणालाही औषध दिलं नाही. बायका दारात यायच्या, पोट धरून, आडून आडून सांगायच्या. शेजारची एक काकू तर चार-चारदा यायची. आत्याबाई म्हणायच्या, "माज्या हाताला गुण न्हाई आता. लेकीचं वाटोळं क्येलं ह्या हातानं." मी तिथेच तांदूळ निवडत बसलेली असायची. एक वाक्य बोलायचं होतं. ते मी बोलले नाही. त्या दिवशी नाही, त्या वर्षी नाही.

पाप माझं पुरेपूर आहे, पण पापाइतकाच मला राग येतो, आणि तो मी आता गिळणार नाही. लाज कुणाची होती? दिवसा हाक येते ही त्या मुलीची लाज, की अख्ख्या गावात एका बाईला बसायला आडोसा नव्हता ही गावाची? देवळाचा कळस त्याच साली नवा केला. तालमीला पत्रे घातले. ते सगळं करणारे लोक रोज सकाळी तांब्या हलवत नदीकडे जात होते आणि पांदीच्या तोंडाशी गाड्या उभ्या करत होते. नणंद पळाली म्हणून तिला रोगी ठरवलं. माणसाचं पोट आहे ते. हाक आल्यावर ती उठली, यात तिचं काय चुकलं?

आमच्यात सगळ्यात आधी हे तोंडाने बोलली ती नणंदच. दीड वर्षाने दुसरे पाहुणे आले, सांगलीच्या बाजूचे. मुलगा कुपवाडकडे एका लहान वर्कशॉपात लेथवर काम करायचा. सगळं झाल्यावर त्याच्या वडिलांनी रीत म्हणून विचारलं, पोरी, तुला काही विचारायचं आहे का? अशा वेळी मुलीने मान खाली घालून नाही म्हणायचं असतं.

ती म्हणाली, "तुमच्या घरात संडास हाय का?"

आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. मुलाचे वडील खाकरले. मुलगाच बोलला. म्हणाला, "न्हाई. पर खड्डा खणायला काय जातंय, लग्नाआधी करतो." आणि त्याने केला. खड्डा, वर फरशी, भोवती तट्ट्या. त्यावर वीस वर्षं संसार झाला तिचा. माणूस तसा कमी बोलणारा, पण दिला शब्द पाळणारा.

माझ्या गोळ्या चालूच होत्या. दुसऱ्या बाळंतपणाला मी सांगलीला गेले, तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला नीट बसवून विचारलं. इतकं सरळ मला कुणी कधी विचारलं नव्हतं: किती दिवसांनी होतं, घट्ट असतं का, हाक येते का, काय घेता. मी डबा दाखवला. त्यांनी रागावल्याचं दाखवलं नाही. समजावून सांगितलं, की आतड्यातून पुढे सरकताना शरीर त्यातलं पाणी शोषून घेत राहतं. जितके दिवस आपण थांबवू तितकं ते सुकत जातं. हाक आली की जायचं. पुन्हा पुन्हा परतवलं की ती मंद होत जाते. गोळी रोज घेतली की आतडं तिच्यावर विसंबतं, आपण होऊन हलत नाही. मग त्यांनी गोळ्या कमी-कमी करत आणायला सांगितल्या; मधल्या काळात रात्री इसबगोल, भरपूर पाणी घालून; कोंड्यासकट पिठाची भाकरी, पालेभाजी, सकाळी उठल्यावर गरम पाणी आणि रोज ठरावीक वेळी जाऊन बसायचं, होवो न होवो. पोटात खूप दुखत असेल, उलट्या होत असतील किंवा रक्त पडत असेल, तर मात्र घरी काही घ्यायचं नाही, सरळ दवाखान्यात यायचं, हे दोनदा सांगितलं. चार महिने लागले मला, पण सुटलं. फलटणला आम्ही बिऱ्हाड केलं तेव्हा संडास असलेलीच खोली घ्यायला मी नवऱ्याला भाग पाडलं.

डबा दाखवला त्या दिवशी डॉक्टरीणबाई सहज एक बोलल्या. "तुमच्या आतड्याला दोन गोळ्या म्हणजे काहीच नाही. नव्या माणसाला त्यातली एक दिली तरी दुपारपर्यंत पळापळ होईल."

तोवर माझ्या मनात थोडी फट होती. कदाचित सोनामुखीच जास्त पडली असेल, अशी स्वतःची समजूत घालता यायची. त्या वाक्याने ती बुजली. मी माझ्या बिघडलेल्या पोटाच्या मापाने त्या पोरीला औषध दिलं होतं, तेही आधीच औषध घेतलेलीला. बाळाला घेऊन सासरी आले. आत्याबाईंनी तुकडा ओवाळून टाकला, बाळाला घेतलं, आणि विचारलं, डॉक्टरीण काय म्हणाली. त्या वेळी घरात आम्ही दोघीच होतो. मी म्हणाले, पाणी जास्त प्यायला सांगितलंय.

त्यानंतर आत्याबाई नऊ वर्षं जगल्या.

नणंदेला मी सांगितलं ते गेल्या उन्हाळ्यात, तिच्या घरी, लोणच्याच्या कैऱ्या फोडताना. सगळं सांगितलं, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या तेही. ती कैरी फोडत राहिली. म्हणाली, "मला काय सांगताय? गोळ्या मीच गिळल्या की." मी म्हटलं, मग तुम्ही का बोलला नाहीत? ती म्हणाली, "तुमाला घरात ऱ्हायचं व्हतं. मी तर जानारच व्हते." मग तिने अडकित्ता खाली ठेवला.

"माजं काय गेलं, वैनी? ते पाव्हणं गेलं ते बरंच झालं. पर आई बायकांना दारातनं परत लावायची, तवा तुमी तितं बसलेल्या असायच्या. त्ये मला न्हाई इसरता येत. मी बी बसलेली असायची, म्हणून तुमाला काय बोलत न्हाई."

हे लिहू का, असं मी विचारलं. ती म्हणाली लिवा, पण लिवायच्या आदी गावाला जाऊन सांगा. ज्यांच्याम्होरं आईचं नाव गेलं त्यांना सांगा. त्या बायांना कुठं वाचता येतंय.

म्हणून आम्ही दोघी गेलो. त्या बायकांपैकी आता तिघी उरल्या आहेत. दोघींना काही आठवत नव्हतं. तिसरी ती शेजारची काकू. ऐंशीच्या घरात, ऐकायला कमी, पण डोकं शाबूत. अंगणात बाजेवर बसली होती. मी जवळ जाऊन हळूच सांगितलं, की तेव्हा सोनामुखीने काही झालं नव्हतं, आत्याबाईंचं माप बरोबर होतं, मी चोरून गोळ्या दिल्या होत्या. तिने कानाला हात लावला. "काय म्हंतीस?"

मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. तिला एवढंच कळलं की काहीतरी परसाकडचं आहे. "मोठ्यानं बोल की गं. त्यात लाजायचं काय?"

मग मी मोठ्याने सांगितलं. पोट साफ होत नव्हतं, जुलाबाच्या गोळ्या, पावडरीचा डबा, सगळं. समोरच्या घरातली सून भांडी घासता घासता थांबली. रस्त्याने जाणारे दोघे उभे राहिले. नणंद माझ्या शेजारी, पदर खोचून. काकूने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मंजे तुज्यापायी," ती म्हणाली, "बारा वर्सं मी दिवसाढवळ्या एरंडेल प्याले. रानातनं पळत जायची मी. आन् तिला शिव्या द्यायची."

"हो," मी म्हटलं.

"तिला का गं?" ती म्हणाली. "तुला द्याया पायजे व्हत्या." आणि तिने त्या दिल्या, एकामागून एक, अंगणभर ऐकू येतील अशा. मी उभी राहून सगळ्या ऐकून घेतल्या.